प्रशिक्षित आबा

आबांच्या दुकानात, खताच्या पोत्यांच्या वरच्या फळीवर, चौदा फोल्डर आहेत. जवळा बाजारात मोंढ्याच्या वाटेवर आबांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. औषधं म्हणजे फवारणीची, माणसांची नव्हेत. तरी काहीजण आबांना माणसांच्या औषधाचंही विचारतात आणि आबा सांगतात. फोल्डर निळे, हिरवे, एक चॉकलेटी चेनवाला. प्रत्येकावर सोनेरी अक्षरं : नेतृत्व, सुशासन, दूरदृष्टी, सेवक-नेतृत्व, मग पुन्हा नेतृत्व. पहिल्यात हळदीच्या हिशोबपट्ट्या आहेत, दुसऱ्यात उधारीच्या चिठ्ठ्या, तिसऱ्यात सोयाबीन बियाण्याची बिलं. चौथ्यापासून पुढचे जसे मिळाले तसेच. आत एक पॅड, एक पेन आणि दोन दिवसांचं वेळापत्रक. वेळापत्रकात चहाच्या वेळांखाली आबांनी स्वहस्ते रेघ मारलेली.

प्रमाणपत्रं मात्र फोल्डरात राहिली नाहीत, ती चौकटीत बसून भिंतीवर गेली. एका बाजूला कीटकनाशकाच्या कंपनीचं कॅलेंडर, दुसऱ्या बाजूला तूर, मधे आबांचं नेतृत्व. एकदा एका शेतकऱ्यानं विचारलं, "आबा, हे खताचं लायसन का?"

"नाही. हे गव्हर्नन्सचं."

"ह्याला बी रिन्यू करावं लागतंय का?"

"दरसाल," आबा म्हणाले. आणि हे त्यांनी अगदी खरं सांगितलं.

आबा आमच्या शाळेच्या विश्वस्त मंडळाचे सचिव. शाळा ख्रिस्ती ट्रस्टची, इंग्रजी माध्यमाची, विनाअनुदानित. नाव लिहीत नाही. आबांना वाईट वाटेल हे एक, आणि नाव घातलं की बाकीच्या शाळा सुटल्या असं होईल हे दुसरं. मी तिथं बावीस वर्षं लेखनिक. घर आमचं वारकऱ्यांचं, नर्सी नामदेवला पायी जाणारं. पण मंडळाची प्रोसिडिंगं लिहून लिहून मला जुना करार मंडळापेक्षा जास्त पाठ झाला आहे. घरी मी इतक्या वेळा 'आज पुन्हा नहेम्या झाला' असं म्हणालो आहे की माझ्या आईला नहेम्या हे आमच्या एखाद्या जुन्या अध्यक्षाचं नाव वाटतं.

माणसं पंढरीला जातात, आबा प्रशिक्षणाला जातात. ख्रिस्ती शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी आणि मंडळाच्या सभासदांसाठी अशी शिबिरं होतात, कधी पुण्याला, कधी नगरला, एकदा जालन्याला. कागदावर मुख्याध्यापिका बाई आणि एक विश्वस्त अशी दोन नावं मागतात. बाईंचं नाव दरवेळी जातं आणि बाई दरवेळी शाळेतच राहतात, कारण नेमक्या त्याच दिवशी यू-डायसची माहिती भरायची शेवटची तारीख असते. आबा मात्र काकूंनी बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन परभणीहून पनवेल गाडीत बसतात. पुण्याला गेले की बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या फाटकापर्यंत जाऊन येणं हा त्यांचा नेम. ही सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला हलली. "यवतमाळलाच राहिली असती तं आपल्याला किती जवळ पडलं असतं," असं म्हणून आबा तिथल्या टपरीवर एक चहा घेतात. सेमिनरीनं त्यांना न विचारता गाव बदललं, याचं त्यांना अजून लागून आहे.

परत आले की पहिल्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी आबांचं भाषण. ते १८१३ पासून सुरू होतं, कारण त्या साली गॉर्डन हॉल मुंबईत उतरले. तिथून अमेरिकन मराठी मिशन निघतं, ते १८३१ ला नगरला पोचतं, तोवर तिसरीची दोन पोरं उन्हानं खाली बसलेली असतात. मग सिंथिया फरार बाई, मग त्यांच्या नगरच्या संस्थेत अध्यापनाचे धडे घेतलेल्या सावित्रीबाई, मग १८४२ चं 'ज्ञानोदय'. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं तिथं आबांचा आवाज चढतो. निजामाच्या मुलखात, सरकारकडून जमीन मिळवून, नव्या ख्रिस्ती कुटुंबांचं आख्खं गाव उभं केलं, शाळेसकट, शेतीसकट! आबांचे पणजोबा बेथेलकडूनच आले असं ते सांगतात. दरवर्षी पणजोबा शेषाद्रींच्या थोडे आणखी जवळ सरकतात. यंदा ते शेषाद्रींबरोबर पाया आखत होते.

हे भाषण ऐकताना माझ्या लेखनिकी डोक्यात एक गोष्ट यायची. फरार बाईंच्या काळी प्रशिक्षण शिकवणाऱ्याला द्यायचे. आता चालवणाऱ्याला देतात. आमच्या चौथीच्या बाईंनी बी.एड. नंतर एकाही शिबिराचं तोंड पाहिलेलं नाही, आणि आबांचं पंधरावं ठरलंय.

शिबिरातून आबा दरवेळी एक शब्द घेऊन येतात आणि तो वर्षभर पुरवतात. सहा-सात वर्षांपूर्वी ते 'नाक आत, बोटं बाहेर' घेऊन आले. कुणी परदेशी पाहुण्यांनी इंग्रजीत सांगितलं, कुणी भाषांतर केलं, आबांनी पॅडवर नाक काढलं. अर्थ सोपा होता : मंडळानं शाळेवर नजर ठेवावी, वास घ्यावा, पण रोजच्या कामात हात घालू नये. तो मुख्याध्यापकांचा प्रांत. आबांनी हे अक्षरशः घेतलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला ते शाळेत आले आणि वर्गावर्गात जाऊन वास घेऊ लागले. पाचवी 'ब'मध्ये त्यांना डब्यातल्या लोणच्याचा आला, कार्यालयात माझ्या छत्रीचा. मुलांच्या स्वच्छतागृहात ते जरा जास्त वेळ थांबले आणि बाहेर येऊन बराच वेळ बोलले नाहीत. इथवर नाकाचं ठीक चाललं होतं. महिन्याच्या एक तारखेला बोटांचा प्रश्न आला. पगाराच्या चेकवर सचिवांची सही लागते. मी चेकबुक पुढं केलं, तसे आबांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"बोटं बाहेर," ते म्हणाले.

आठ दिवस पगार झाले नाहीत. शेवटी बाई स्वतः दुकानात गेल्या. त्यांनी एक युरियाची गोणी घेतली आणि बिल मागितलं. आबांनी बिल केलं, सही केली. त्याच पेनासमोर बाईंनी चेकबुक ठेवलं. "आबा, बोट आधीच आत आलंय," त्या म्हणाल्या. युरिया अजून शाळेच्या बागेत पुरतोय.

पुढच्या वर्षी इथ्रो आला. हा मोशेचा सासरा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे मिटवत बसतो हे पाहून सासऱ्यानं सांगितलं, जावईबापू, असे मराल. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमा आणि किरकोळ तंटे त्यांच्यावर सोडा. कामाची वाटणी शिकवायला ही गोष्ट शिबिरवाल्यांना फार सोयीची पडते. आबांना ती मनापासून पटली. त्यांनी समित्या नेमल्या. इमारत समिती, वित्त समिती, शिस्त समिती, आत्मिक जीवन समिती, सहल समिती, आणि या सगळ्यांत मेळ राहावा म्हणून एक समन्वय समिती. प्रत्येकीत आबा, आबांचे व्याही, पाळकसाहेब आणि गुत्तेदारी करणारे एक विश्वस्त. सहाही समित्यांची प्रोसिडिंगं लिहायला मी. इथ्रोनं मोशेचं ओझं हलकं केलं. ते गेलं कुठं हे बायबलात लिहिलेलं नाही, पण मला सांगता येईल.

नहेम्या तर विचारूच नका. यरुशलेमची पडकी भिंत त्यानं बावन्न दिवसांत बांधून काढली, म्हणून तो नियोजनाचा आदर्श. आमच्या शाळेची कुंपणभिंत सात वर्षं चालू आहे. मागच्या बाजूनं शेळ्या येतात, त्या इतक्या नियमित येतात की शिपाईमामा त्यांना हजेरीपटावर घ्या म्हणतात. भिंतीचा विषय निघाला की आबा नहेम्या उघडतात. नहेम्यानं आधी रात्री एकट्यानं फिरून पाहणी केली, मग कोणत्या घराण्यानं कोणता भाग बांधायचा हे वाटून दिलं, विरोधकांना तोंड दिलं. हे सगळं होईपर्यंत सभेचा वेळ संपतो. गुत्तेदारी करणाऱ्या विश्वस्तांनी एकदाच तोंड उघडलं : "आबा, नहेम्याला राजाकडून लाकूड फुकट भेटलं होतं." त्यानंतर विषयपत्रिकेवरून भिंत दोन सभा गायब होती.

तिसावं कलम मात्र मी थट्टेवारी नेत नाही. धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क राज्यघटनेनं दिला, तो लहानसहान नाही. पण आबांनी ते कलम खिशात घातलं होतं, रुमालासारखं. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं प्रमती खटल्यात सांगितलं की २००९ चा शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. आबा त्या आठवड्यात शिबिरात होते, तिथून पेढे घेऊन आले. "पालकांची ती व्यवस्थापन समिती आपल्याला लागू नाही!" मी म्हणालो, आबा, आपण विनाअनुदानित, ती समिती आपल्याला तशीही लागू नव्हती. आबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. त्यांना लागू नसण्याचं सुख दुहेरी हवं होतं. त्यानंतर काहीच लागू होईना. परभणीत हेल्मेट नाही म्हणून पोलिसानं अडवलं, आबांनी कलम तीस सांगितलं आणि पाचशे रुपये भरले. महावितरणचा लाइनमन थकबाकीसाठी शाळेत आला, आबांनी त्यालाही ते समजावून दिलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फ्यूज काढून नेला. २०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी प्रमतीच्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांसमोर ठेवला. बातमी आली त्या दिवशी आबांनी दुकान दुपारनंतर उघडलं.

आता मंडळाकडे येतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा १९५० चा. त्याच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे विश्वस्तांत काही बदल झाला, कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, कुणी नवा आला, तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. प्रत्येक शिबिरात यावर एक तास असतो आणि प्रत्येक शिबिरात आबा पहिल्या रांगेत मान डोलावतात. प्रेषितांनी यहूदाची रिकामी झालेली जागा चिठ्ठ्या टाकून मत्थियाला दिली, ती पन्नासाव्या दिवसाच्या सणाआधी. म्हणजे तिथंही नव्वद दिवसांची मुदत पाळली गेली, हे मी एकदा हिशोब करून आबांना दाखवलं. आबा म्हणाले, "त्यांच्यात एकच जागा खाली होती."

आमच्यात किती? धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी आमचे नऊ विश्वस्त आहेत. त्यातले चार प्रभूघरी गेले. पहिले गेले तेव्हा मी नोकरीला नवा होतो. चार इथं आहेत. नववे लेकीकडे नाशिकला असतात, नव्वदीच्या पुढं. घटनेप्रमाणे कोरम पाचाचा. तेव्हा स्वर्गात चार, जवळा बाजारात चार, आणि नाशिकचे जिकडं वळतील तिकडं कोरम पूर्ण.

मग सभा होते कशी? ज्यांनी महाराष्ट्रात एखादी पतसंस्था, दूधसंस्था, नाही तर गणेश मंडळ जवळून पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. सभा अकराला बोलवायची. अकराला कोरम नाही म्हणून ती तहकूब करायची. अर्ध्या तासानं, त्याच जागी, तीच सभा पुन्हा भरवायची. आणि अशा तहकूब सभेला कोरमची अट नाही. नोटिशीच्या तळाशी हे वाक्य छापूनच टाकलेलं असतं. बावीस वर्षांत आमची एकही सभा पहिल्या झटक्यात भरलेली नाही. तहकूब हा शब्द मी इतका लिहिलाय की पेन आपोआप तिकडं जातो.

पण मला आबांविषयी काही खरं सांगायचं असेल तर ते या अर्ध्या तासाविषयी आहे.

अकरा ते साडेअकरा आबा सचिव नसतात. सभा नाही, तर सचिव कुठला? ते कार्यालयाबाहेर लिंबाखालच्या बाकावर बसतात, चप्पल काढतात, शिपाईमामा चहा आणि भजी आणतात. आणि मग त्या बाकाशी एकेक जण येतो. कुणाच्या हळदीला शिजवून वाळत घातल्यावर पाऊस लागला, पोरीची फी थकली. आबा विचारतात, "किती कट्टे?" तो सांगतो. "भाव काय लागंल?" तोही सांगतो. आबा मनात हिशोब घालतात, खिशातनं चिठ्ठी काढून काहीतरी खरडतात आणि मला म्हणतात, "क्लार्कसाहेब, पोरीचं नाव कमी करायचं नाही. पैसे माझ्याकडनं घ्या, मी ह्याच्याकडनं घेईन." म्हणजे दुकानातला तो दुसरा फोल्डर. त्यातल्या उधारीच्या चिठ्ठ्या निव्वळ युरियाच्या नाहीत. त्यात पहिली 'अ'पासून आठवीपर्यंतची पोरं आहेत. वर सोनेरी अक्षरांत 'सुशासन'.

स्वच्छतागृहाच्या दाराची कडी त्याच अर्ध्या तासात बसली. इमारत समितीपुढं ती दीड वर्ष होती. एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेचा घोळ त्याच बाकावर मिटला. सेवाशर्तीची १९८१ ची नियमावली मी हातात धरून उभा होतो, आबांनी ती उघडूही दिली नाही. "पोरगी का पोरगा?" एवढंच विचारलं आणि म्हणाले, "मग जाऊ द्या तिला, आन् पगार कापू नका." प्रत्येक निकाल बरोबरच लागतो असं मात्र नाही. शाळेची पुढची भिंत कुठल्याशा तणनाशकाच्या डब्यासारखी पोपटी आहे, कारण गोदामाचा रंग उरला होता आणि अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

साडेअकराला मामा घंटा देतात. आबा चप्पल घालतात, फोल्डर उचलतात, आत येऊन खुर्चीत बसतात आणि माणूस बदलतो. "सन्माननीय सदस्य," असं त्या तिघांना म्हणतात, त्यातला एक सख्खा व्याही. मग दूरदृष्टी, ध्येयविधान, सेवक-नेतृत्व, नहेम्या. मी फक्त साडेअकराच्या पुढचं लिहितो. प्रोसिडिंग बुकात कडी नाही, बाळंतपण नाही, हळद नाही. उद्या कुणी आमच्या शाळेचा इतिहास लिहायला बसला आणि त्यानं ती बुकं चाळली, तर त्याला वाटेल की इथं बावीस वर्षं फक्त भिंत बांधायचं ठरत होतं.

दोन वर्षांपूर्वी आबांनी शिबिरच जवळा बाजारात आणलं. आसपासच्या चार-पाच ख्रिस्ती शाळांची मंडळं बोलवायची, पुण्याहून प्रशिक्षक आणायचे, विषय 'नेतृत्व आणि उत्तराधिकार'. जागा मंगल कार्यालयाची, कारण लग्नतिथी नव्हती. फ्लेक्स आबांच्या नेहमीच्या फ्लेक्सवाल्यानं केला, त्यामुळं कडेला भुईमुगाचं झाड राहिलं आणि खाली दुकानाचा फोन नंबर आला. परिणाम व्हायचा तो झाला. दहा वाजता मंडळांचे अकरा सभासद आणि पन्नासेक शेतकरी हजर झाले. शेतकऱ्यांना बियाण्याच्या कंपनीचा मेळावा वाटला. जेवण होतं, त्यामुळं खुलासा झाल्यावरही कुणी उठलं नाही.

प्रशिक्षक तरणे होते, नीटस, बोलायला चांगले. त्यांनी विचारलं, "संस्थेपुढं आज सर्वांत मोठं आव्हान कोणतं?" मागून आवाज आला, "करपा." त्यांनी फळ्यावर करपा लिहिलं. बहुधा त्यांना ते कुठल्या तरी मूल्याचं नाव वाटलं असावं. "त्यावर उपाय?" मग दहा मिनिटं फार चांगली चर्चा झाली. कंदमाशी निघाली, पाण्याचा निचरा निघाला, आबांनी खुर्चीवरून उठून मात्रा सांगितली. मी बावीस वर्षांत आबांना इतक्या थोडक्यात आणि इतकं नेमकं बोलताना सभेत कधी ऐकलं नव्हतं. प्रशिक्षक नंतर मला म्हणाले, तुमच्या भागात सहभाग फार उत्तम आहे.

दुपारी त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकानं आपल्यानंतर आपलं काम कुणी करावं त्याचं नाव लिहायचं, घडी घालून डब्यात टाकायचं. चिठ्ठ्या सगळ्यांनाच गेल्या, मंडळाला, शेतकऱ्यांना, पाणी वाटणाऱ्या शिपाईमामांनाही. गोळा करायचं काम अर्थातच माझ्याकडं. वाचायच्या नव्हत्या, वाचल्या. बहुतेक सभासदांनी मुलाचं नाव लिहिलं होतं. एकानं मुलाचं लिहून खोडून सुनेचं लिहिलं होतं. आबांच्या व्याह्यांनी आबांचं लिहिलं होतं, आणि आबा त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. शिपाईमामांची चिठ्ठी सगळ्यांत लांबलचक होती. घंटा धाकट्याला द्यावी, थोरल्याला वेळेचं भान नाही. किल्ल्यांचा जुडगा मात्र थोरल्याकडं असावा, तो विसरत नाही. आणि शेळ्या हाकलायला दोघंही नकोत, त्यापेक्षा भिंत बांधावी.

आबांचं अक्षर मला लांबूनही ओळखू येतं. त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'सदर विषय पुढील सभेत घेण्यात यावा.'

आमचा तालुका औंढ्याचा. नामदेवांचं कीर्तन अडवलं तेव्हा तिथं आख्खं देऊळ फिरलं अशी कथा माझ्या आजीनं मला सांगितली आहे, म्हणजे आमच्याकडं दगडसुद्धा प्रसंगी जागा सोडतो. त्याच औंढ्याजवळ आता लायगोची वेधशाळा व्हायचीय. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक हालचाल टिपायची ताकद. ती एकदा सुरू झाली की आबांच्या खुर्चीत काही हलतंय का ते पाहून घ्यावं, असं आमच्या मुख्याध्यापिका बाई म्हणतात. बाई विज्ञानाच्या आहेत.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सभा अकराची, तहकूब अकरा पाचला. आबा लिंबाखाली बसले. त्या दिवशी कुणी फी घेऊन आलं नाही, कुणाची हळद भिजली नव्हती. मामा भजी आणायला गेले होते. मी रजिस्टर घेऊन उभा.

"क्लार्कसाहेब, काय करायलाव उभं राहून? बसा की."

मी बसलो.

"त्यो चेंज रिपोर्ट," आबा म्हणाले, "किती पानांचा असतोय?"

मी सांगितलं.

"समजा एखाद्याचं नाव काढायचं. त्याला काय लिहावं लागतंय?"

"नाव, आणि कमी करायचं कारण."

"कारण काय काय असतंय?"

"मृत्यू," मी म्हणालो. "नाही तर राजीनामा."

आबांनी मला उत्तर द्यायला थोडा वेळ दिला, जणू माझं काही राहिलंय. मग म्हणाले, "तिसरं न्हाई का काही?"

"आहे की. मुदत संपली. आपल्या घटनेत पाच वर्षांची मुदत आहे, आबा."

"आपली कवा संपली?"

"२००९ ला."

आबांनी घड्याळ पाहिलं. साडेअकराला चार मिनिटं कमी होती. लिंबाचं एक पान फोल्डरवर पडलं होतं, ते त्यांनी बोटानं उडवलं.

"मामाला सांगा," ते म्हणाले, "घंटा उलशीक उशिरानं द्या म्हणावं. आन् चहा सांगा."